तो पंखो बंद कर मरे!

परवा बहिणीचा मुलगा घरी आला. नोकरीला लागून त्याला दीड वर्ष झाले आहे, हातात चार पैसे खेळू लागले आहेत, आणि घरात मुळातच गाणेबजावणे असल्यामुळे घरच्या घरी रेकॉर्डिंगची व्यवस्था करायचे त्याने मनावर घेतले आहे. येताना एक कागद घेऊन आला होता. कागदावर वरपासून खालपर्यंत संगणकाची यादी. अमुक कोअरचा प्रोसेसर, ३२ जीबी रॅम, २ टीबीची एसएसडी, वेगळे ग्राफिक्स कार्ड, २७ इंची पडदा. बेरीज १ लाख ४२ हजार रुपये. आणि अगदी तळाशी, जागा उरली म्हणून लिहावे तसे, ‘माइक - ३,०००’.

"मामा, सारकें आसा न्हय?" त्याने विचारले.

मी म्हटले, कागद उलटा धर. त्याने खरेच उलटा धरला! या पिढीचे हे एक बरे आहे, थोरल्यांनी सांगितलेले कधी कधी अक्षरशः ऐकतात. मला म्हणायचे होते ते इतकेच, की तळाशी आहे ते वर घे आणि वर आहे ते तळाशी ने. त्याला ते पटले नाही. संगणक क्षेत्रात नोकरी करणाऱ्याला ‘संगणक ही शेवटची गोष्ट’ असे सांगणे म्हणजे मासळी विकणारीला मासळी खाऊ नको म्हणण्यासारखेच. मग मी त्याला आत नेले आणि आमच्या काकांचे रेकॉर्डिंग ऐकवले. ते ऐकवायला मला नेहमीच लाज वाटते. का, ते आता सांगतो.

आमचे घर अंत्रुज महालातले. चवथीला दीड दिवस की पाच दिवस यावर दरवर्षी वाद होतो, पण आरतीला घुमट हवे यावर आजवर कधी वाद झालेला नाही. थोरले काका घुमट वाजवत. घुमट ज्यांनी पाहिलेले नाही अशा बेळगाव-बडोद्याकडच्या वाचकांसाठी थोडक्यात सांगतो. हे मातीचे भांडे, दोन तोंडांचे. मोठ्या तोंडावर कातडे ताणून बसवलेले, लहान तोंड उघडे. दोरीने गळ्यात अडकवून उजव्या हाताने कातड्यावर वाजवायचे आणि डाव्या तळव्याने ते उघडे तोंड झाकत-सोडत राहायचे. त्या झाकण्या-सोडण्यातच घुमटाचा ‘घुम’ असतो. पूर्वी घोरपडीचे कातडे लावत. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने घोरपडीला संरक्षण मिळाले आणि आता बकऱ्याचे कातडे लावतात. २०१९ साली गोवा सरकारने घुमटाला राज्याचे वारसा वाद्य म्हणून जाहीर केले. सोबतीला शामेळ आणि कांसाळे. आरत्या मराठीत, मधल्या मधल्या सूचना, टोमणे आणि क्वचित शिव्या कोंकणीत. आमचा सगळा भाषावाद आरतीच्या त्या पाऊण तासात निकालात निघालेला असतो!

काकांकडे एक वही होती. तिच्यात आजोबांच्या हातच्या काही आरत्या होत्या, त्यांतल्या तीन-चार तरी मी आमच्या घराबाहेर कुठेच ऐकलेल्या नाहीत. वही अजून आहे. शब्द आहेत. चाली मात्र काकांच्या डोक्यात होत्या, आणि एकेका चालीला घुमटावर कुठून ‘चोंद’ लावायची तेही त्यांच्याच डोक्यात. हे उतरवून ठेवले पाहिजे असे घरात सगळे म्हणत. म्हणणारे पुष्कळ होते.

२००४ साली मी संगणक घेतला. पगारातून थोडे थोडे साठवून ३८ हजार रुपये जमवले होते. दुकानदाराला सांगितले, रेकॉर्डिंग करायचे आहे, सगळ्यात वेगवान द्या. त्यानेही प्रामाणिकपणे सगळ्यात वेगवान दिला. ५१२ एमबी रॅम, ८० जीबीची हार्ड डिस्क, आणि त्या वेळचा अव्वल म्हणून मिरवणारा प्रोसेसर. तो इतका तापायचा की त्याला थंड ठेवायला एक पंखा, वीजपुरवठ्याच्या डब्यात दुसरा, आणि दुकानदाराने ‘आपल्या हवेला बरा’ म्हणून मागे बसवून दिलेला तिसरा. माइक फुकट मिळाला होता. प्लॅस्टिकचा, वाकवता येणाऱ्या मानेचा, मागच्या गुलाबी भोकात खुपसायचा. मला त्यात काही वावगे वाटले नाही. संगणक भारी आहे म्हटल्यावर आवाज भारी येणारच, नाही का?

त्या वर्षी चवथीच्या दुसऱ्या दिवशी दुपारी काकांना टेबलाजवळ पाट मांडून बसवले. वायर तेवढीच पोचत होती. कॅबिनेट टेबलाखाली, काकांच्या गुडघ्यापासून हातभर अंतरावर. काकांनी पहिली आरती सुरू केली, दोन कडवी झाली आणि ते थांबले. म्हणाले, "तो पंखो बंद कर मरे."

मी वर पाहिले. छताचा पंखा बंदच होता. म्हटले, काका, तो कॉम्प्युटरचा आहे, तो बंद करता येत नाही. काका माझ्याकडे नुसते बघत राहिले. मग म्हणाले, "आनी तूं हांगा गाणें घेवपाक बसला?" आणि पुन्हा गायला लागले.

हा संवाद त्या रेकॉर्डिंगमध्ये आहे. इतरांपेक्षा स्पष्ट आहे, कारण त्या वेळी घुमट वाजत नव्हते.

काका २००६ साली गेले. २००८ च्या पावसाळ्यात ती हार्ड डिस्क गेली. टकटक आवाज करीत दोन दिवस राहिली आणि मग बोलेचना. दुरुस्तीवाल्याने जो आकडा सांगितला तो ऐकून मी गप्प घरी आलो. आज वाटते, उसने घेऊन द्यायला हवे होते. वाचले ते एवढेच, की बेळगावच्या आतेला मी एक सीडी करून पाठवली होती. सीडीत जास्त मावावे म्हणून १२८ केबीपीएसचे एमपी३ करून. सहा आरत्या. बाकीच्या अकरा गेल्या. मी ज्याला शिल्लक म्हणतो ती ही एवढीच. तीन पंख्यांची घरघर, तिच्यामागे काका, आणि घुमटाच्या जागी कुणीतरी खोक्यावर टिचक्या मारल्यासारखा आवाज.

भाच्याने ऐकले. थोडा वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, नॉइज रिडक्शन करून बघू का? करून बघितलेले आहे. पंखा कमी होतो, पण त्याबरोबर काकांच्या आवाजाची कडही जाते, आणि पाण्याखालून गायल्यासारखे वाटते. घुमटाचा ‘घुम’ तर मुळात टिपलाच गेला नव्हता. जे आत आलेच नाही ते कुठल्या सॉफ्टवेअरने बाहेर काढायचे?

तर संगणक निवडण्याविषयी माझे मत या एका फजितीतून बनलेले आहे, हे मान्य करूनच पुढचे लिहितो.

पहिली गोष्ट, रेकॉर्डिंगला संगणकाचा वेग किती लागतो याचा हिशेब कुणी मांडतच नाही, म्हणून मी भाच्याच्याच कागदाच्या पाठीवर मांडला. ४८ किलोहर्ट्झ आणि २४ बिटने आवाज नोंदवायचा तर सेकंदाला ४८ हजार नमुने, प्रत्येक नमुना ३ बाइटचा, म्हणजे एका माइकचे सेकंदाला १ लाख ४४ हजार बाइट. तासाचे साधारण अर्धा जीबी. आठ माइक एकदम लावले तरी सेकंदाला सव्वा एमबीदेखील भरत नाही, आणि तासाचे होतात चार जीबीच्या आसपास. माझी ती २००८ साली मेलेली हार्ड डिस्कसुद्धा सेकंदाला तीस-चाळीस एमबी सहज लिहायची. म्हणजे वीस वर्षांपूर्वीच्या संगणकालाही हे काम डाव्या हाताचे होते. आज कोणताही बरा लॅपटॉप, दहा वर्षांपूर्वीचा असला तरी, आठ माइक नोंदवताना झोपा काढतो. ग्राफिक्स कार्ड तर आवाजाच्या या कामात काहीच करीत नाही. करते ते एकच, स्वतःचा वेगळा पंखा फिरवते.

"पण मामा, लेटन्सी?" हा प्रश्न येणार हे ठाऊकच होते. माइकमध्ये शिरलेला आवाज संगणकातून फिरून कानातल्या हेडफोनपर्यंत यायला लागणारा वेळ म्हणजे लेटन्सी. २५६ नमुन्यांचा बफर ठेवला तर ४८ किलोहर्ट्झला तो एकट्याच सव्वापाच मिलिसेकंद खातो, जाता-येता दोनदा धरा, वर थोडे इकडचे तिकडचे, म्हणजे बारा-पंधरा मिलिसेकंद. आता देवळाच्या सभामंडपात पखवाजवाला गायकापासून पाच मीटर लांब बसलेला असतो. ध्वनीला तेवढे अंतर कापायला जवळजवळ पंधरा मिलिसेकंद लागतात. आमची भजने पिढ्यानपिढ्या या लेटन्सीत रंगत आली आहेत आणि कुणाची लय बिघडलेली ऐकिवात नाही. शिवाय आधी नोंदवलेल्या ट्रॅकवर दुसरा ट्रॅक चढवायचा असेल तेव्हाच हा प्रश्न येतो. तेव्हाही इंटरफेसवर डायरेक्ट मॉनिटरिंगचे बटण असते, ते दाबले की आपला आवाज संगणकात न जाता थेट हेडफोनमध्ये येतो. ज्या कारणासाठी लोक पन्नास हजार जास्त मोजतात त्याचे उत्तर कधी कधी बटणाएवढे असते.

इथे भाच्याच्या बाजूनेही बोलले पाहिजे. माझा एक मित्र तियात्रांना आणि कोंकणी अल्बमना संगीत करतो, घरच्या एका खोलीत बसून. त्याला व्हायोलिनचा ताफा हवा असतो तो कीबोर्डवरून येतो, एकेका वाद्याचे हजारो नमुने रॅममध्ये भरून ठेवावे लागतात, वर इफेक्ट्सचे थर. त्याच्याकडे ६४ जीबी रॅम आहे आणि ती चैन नाही. त्याच्यासाठी संगणक हेच वाद्य आहे, आणि वाद्य चांगले घ्यावे. संगीत संगणकाच्या आत तयार होणार असेल तर पैसा संगणकात घाला. संगीत बाहेर, पाटावर बसलेले असेल, तर तो पैसा बाहेर घाला. दुकानात गेल्यावर हा फरक कुणी विचारत नाही, कारण संगणकाच्या दुकानातली तुलना खेळांसाठी संगणक घेणाऱ्या पोरांना डोळ्यांसमोर ठेवून केलेली असते. भाच्याला विचारले, तुला काय नोंदवायचे आहे? म्हणाला, आजीच्या ओव्या, बाबांचे भजनी मंडळ, आणि चवथीची आरती. मग?

संगणकात मी आता दोनच गोष्टी बघतो. तो आवाज करतो का, आणि वीज गेल्यावर तो चालू राहतो का. दोन्ही बाबतींत लॅपटॉप बरा. एसएसडीचा मला वाटणारा मोठा गुण वेग नव्हे, तिच्यात फिरणारे काही नाही हा. नोव्हेंबर २०२० मध्ये एम-१ चिपचा मॅकबुक एअर आला, त्यात तर पंखाच नाही. तो वापरलेला मिळाला तर काकांनीसुद्धा तक्रार केली नसती. पण तोच पाहिजे असेही नाही. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा नेहमीचा आधार संपला, आणि नव्या आवृत्तीच्या अटींत न बसणारे कितीतरी धडधाकट लॅपटॉप घराघरांतून अडगळीत गेले. त्यातला एक घ्या, जुनी डिस्क काढून एसएसडी बसवा, ८ जीबी रॅम असू द्या, आणि इंटरनेटला कधीही जोडायचा नाही असा पण करून तो फक्त रेकॉर्डिंगला ठेवा. इंटरनेट नाही म्हणजे गाणे रंगात आल्यावर ‘अपडेट होत आहे, कृपया थांबा’ हेही नाही. फक्त इंटरफेसचा ड्रायव्हर त्या यंत्रणेवर चालतो की नाही ते घेण्याआधी पाहून घ्यावे. स्टाइनबर्ग कंपनीने १९९७ साली आणलेली एएसआयओ पद्धत विंडोजवर अजून कामाची आहे. बोधचिन्हाकडे पाहून भुलू नये, निर्मात्याचा स्वतःचा एएसआयओ ड्रायव्हर आहे का ते विचारावे. सॉफ्टवेअरवर सुरुवातीला एक पैसा घालू नये. ऑडॅसिटी २००० सालापासून फुकट आहे आणि दोन माइकच्या कामाला पुरून उरते.

लॅपटॉपचा आणखी एक फायदा आमच्याकडच्या जुन्या घरांत कळतो. अर्थिंग नावालाच असते. चार्जर लावला की हेडफोनमध्ये ५० हर्ट्झची गुणगुण सुरू. चार्जर काढला, बॅटरीवर घेतले, की बहुतेक वेळा ती जाते. जात नसेल तर इलेक्ट्रिशियनला बोलवा, पण आरतीच्या वेळी मुकाट्याने चार्जर काढा. आणि पहिल्या पावसाबरोबर वीज गेली तरी रेकॉर्डिंग चालू राहते हे वेगळेच.

आता इंटरफेस. माइकचा क्षीण आवाज मोठा करून आकड्यांत बदलणारी ही छोटी डबी. यूएसबीने जोडायची, दोन माइकची घ्यायची, ४८ व्होल्टची फँटम पॉवर असलेली. गुलाबी भोकातून जे येत होते आणि या डबीतून जे येते, यांत मला जेवढा फरक ऐकू आला तेवढा कुठल्याही दोन संगणकांत कधी ऐकू आलेला नाही. २४ बिटचा उपयोगही इथेच. वरची पातळी उणे बारा डेसिबलपाशी ठेवायची आणि निश्चिंत व्हायचे. कांसाळ्याचा अचानक घाव बसला तरी आवाज फाटत नाही, आणि नंतर पातळी वर घेतली तरी खालून खरखर उठत नाही.

आठ माइकचा इंटरफेस घेऊ का, असे भाचा विचारत होता. मी म्हटले दोनच घे, आणि पाट हलवायला शीक. १९०२ साली गायसबर्ग कलकत्त्यात गौहरजानचे गाणे घेत होता तेव्हा वीज नव्हती, माइक नव्हता, एक कर्णा होता. त्या काळी मोठ्या आवाजाच्या वाद्याला मागे सारायचे आणि गाणाऱ्याचे तोंड कर्ण्यात घालायचे, हेच मिक्सिंग. आरतीलाही हेच करावे. कांसाळेवाल्याला सगळ्यांत मागे, तीन मीटरवर, शक्य तर दाराबाहेर बसवावे. अंतर दुप्पट झाले की मोकळ्या जागेत आवाज सहा डेसिबलने उतरतो, खोलीत तितका नाही उतरला तरी पुष्कळ उतरतो. त्याला राग येईल, त्याची समजूत काढावी. मुख्य गाणारा पुढे, घुमट थोडे बाजूला. नंतर संगणकावर कांसाळे कमी करू म्हणाल तर ते होत नाही, कारण कांसाळे सगळ्यांच्या माइकमध्ये शिरलेले असते.

आणि घुमट. काकांच्या वेळी माझा माइक कातड्याकडे तोंड करून होता. कातड्यातून थाप येते, ‘घुम’ येतो तो मागच्या उघड्या तोंडातून, हे मला काका गेल्यावर सुचले. एकच माइक असेल तर वाजवणाऱ्याच्या बाजूला हातभर अंतरावर ठेवावा, म्हणजे तो दोन्ही तोंडे ऐकतो. अगदी मागच्या तोंडासमोर नको, हवेचा झोत थेट बसून ‘भुप् भुप्’ होते. दोन लावायचे तर एक पुढे आणि एक मागे वीतभर तिरपा, पण मग एक गोम आहे. थाप मारली की कातडे आत जाते आणि मागून हवा बाहेर पडते, म्हणजे दोन माइकना एकाच क्षणी उलटसुलट धक्के बसतात. दोन्ही तसेच मिसळले तर एकमेकांना खातात, आणि खातात तो नेमका खालचा, घुमाचा भाग. सॉफ्टवेअरमध्ये एका ट्रॅकची पोलॅरिटी उलटी करावी. मी हे पहिल्यांदा केले तेव्हा मेलेले घुमट उठून बसल्यासारखे वाटले. दोन पैसे न लागणारी एक टिचकी. तिच्यासाठी मी त्या वर्षी आणखी एक जीबी रॅम विकत घेतली होती, हे कुणाला सांगू नका.

माइक कोणता, यावर पोथ्या लिहिल्या गेल्या आहेत. मी आमच्या हवेपुरते बोलतो. पावसाळ्यात आमच्याकडे हवेत नव्वद टक्के ओल असते, चपलांना बुरशी येते. कंडेन्सर माइक फार बारीक ऐकतो, पण या ओलीत तडतडायला लागतो आणि घराशेजारचे बेडूकही गाण्यात घेतो. तो घेतलात तर सिलिका जेल घातलेल्या घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा आणि जेल वेळोवेळी तापवून सुकवत जा. घुमट आरतीला आवाजाची कमतरता कधीच नसते. तिथे डायनॅमिक माइक उत्तम. शुअरचे एसएम५७ आणि एसएम५८ हे १९६५-६६ पासूनचे, पडले झडले तरी चालतात, आणि नक्कल नसलेला अस्सल नग मिळाला तर भाचाही तो आपल्या मुलाला देईल. आजीच्या ओव्यांना मात्र कंडेन्सर बरा, आणि तोही फेब्रुवारीत. मंगळुरी कौलांवर पाऊस पडत असताना हळू आवाजातले काहीही नोंदवायला जाऊ नये. एका पावसाळ्यात मी तसा नाद केला होता. त्या फाइलीत पाऊस अतिशय सुरेख आला आहे.

खोलीबद्दल फार लिहीत नाही. जुन्या चिऱ्यांच्या घरात जाड भिंती, उतरते छप्पर, दोऱ्यांवर कपडे, कोपऱ्यात पोती, यामुळे आवाज आपसूक बरा येतो. नव्या फ्लॅटमध्ये गुळगुळीत फरश्या आणि उघड्या भिंती, तिथे टाळी वाजवली तरी ती परत येऊन कानात बसते. स्टुडिओचा काळा फोम विकत घेण्याआधी घरातल्या सगळ्या गोदड्या दोरीवर टांगून पाहाव्यात.

आता ज्या गोष्टीपायी माझ्या अकरा आरत्या गेल्या तिच्याबद्दल. भाच्याच्या यादीत २ टीबीची एसएसडी होती, आणि एकच होती. मी म्हटले, अर्ध्या टीबीची एक घे आणि उरलेल्या पैशांत दोन साध्या बाहेरच्या हार्ड डिस्क घे. एक घरात, दुसरी दुसऱ्या गावात. वीज न मिळता कपाटात वर्षानुवर्षे पडलेल्या एसएसडीवर मी विसंबत नाही. बेळगावच्या आतेने सीडी कुठल्याशा बिस्किटांच्या डब्यात टाकली नसती तर काकांचा आवाजच उरला नसता. आतेने कोणताही मोठा विचार केलेला नव्हता. मी मात्र विचार करून ती एमपी३ केली होती, जागा वाचवायला! मूळ वेव्ह फाइल ठेवावी, फार तर फ्लॅकमध्ये आवळावी, त्यात काही हरवत नाही. आणि फाइलीला ‘न्यू रेकॉर्डिंग ७’ असे नाव राहू देऊ नये. कोण गातो आहे, घुमटावर कोण, कुठले घर, कोणती तारीख, हे रेकॉर्डिंगच्या सुरुवातीला तोंडाने बोलून ठेवावे. लिहिलेला कागद हरवतो.

यात केवळ भाच्याचे दीड लाख वाचवायचा हेतू नाही. आमच्या गावोगावच्या भजनी मंडळांकडे पैसा नाही असे कुणी म्हणू नये. स्पर्धेसाठी एका रंगाचे कुर्ते शिवतात, वर्षाला साउंडवाल्याला जे देतात त्यात दोन इंटरफेस येतील. आणि त्याच मंडळातला सत्तरी ओलांडलेला बुवा ज्या चाली जाणतो त्या कुठे नोंदल्या आहेत, तर फोनवर. फोनचे रेकॉर्डिंग आपणहून पातळी वरखाली करते. कांसाळे वाजले की गाणे दबते, थांबले की उसळते. मग ते व्हॉट्सअॅपवरून पन्नास जणांना जाते, वाटेत आणखी आवळले जाते, आणि फोन बदलला की संपते. केरीच्या केसरबाई केरकर रेकॉर्डिंगच्या बाबतीत हात आखडता घेणाऱ्या होत्या, मोजकेच नोंदवू दिले. पण त्यांची साडेतीन मिनिटांची भैरवी १९७७ साली व्हॉयेजर यानांवरच्या तबकडीवर गेली आणि ती आता सूर्याच्या प्रभावक्षेत्राबाहेर आहे. (त्या यानावरच्या सगळ्या संगणकांची स्मृती मिळून ७० केबीच्या आत भरते, हे मी भाच्याला मुद्दाम सांगितले.) आमच्या बुवांना कुणी अवकाशात नेणार नाही. त्यांच्यासाठी एका मंडळाने नव्हे, चार मंडळांनी मिळून एक पेटी करावी. दोन माइक, इंटरफेस, स्टँड, एक जुना लॅपटॉप. ज्याला हवी त्याने न्यावी, परत आणावी. पखवाज आपण एकमेकांना देतोच की.

फोन वाईट म्हणालो, पण तेवढ्यासाठी कुणी थांबूही नये. आजी उद्या गाते म्हणाली आणि इंटरफेस पुढच्या महिन्यात येणार असेल, तर उद्या फोनवर घ्या. फोन एअरप्लेन मोडवर टाका, शक्य झाल्यास वेव्ह नोंदवणारे अॅप घ्या, फोन गादीवर ठेवा, हातात धरू नका. आम्ही वर्षानुवर्षे ‘नीट व्यवस्था झाली की करू’ म्हणत होतो, आणि व्यवस्था झाली ती अशी.

भाच्याने शेवटी नवीन काही घेतलेच नाही. म्हणजे संगणक घेतला नाही. कॉलेजातला लॅपटॉप होता, त्यात एसएसडी घातली. दोन माइकचा इंटरफेस, डायनॅमिक माइक दोन, बऱ्यापैकी हेडफोन, स्टँड, वायरी, दोन हार्ड डिस्क, हे सगळे पासष्ट हजारांच्या आत बसले. उरलेल्या पैशांचे काय करणार ते मी विचारले नाही. त्याचे वय पाहता विचारू नये.

एक युक्ती मात्र त्याला जाता जाता सांगितली होती, ध्वनिमुद्रण करणाऱ्यांत ती जुनी आहे. रेकॉर्डिंगच्या वेळी फ्रिज बंद करावा लागतो, त्याची घरघर माइक सोडत नाही. आणि बंद केलेला फ्रिज चालू करायचे हमखास विसरते. म्हणून गाडीची किल्ली फ्रिजमध्ये ठेवायची. किल्ली घेतल्याशिवाय घराबाहेर पडता येत नाही, आणि किल्ली घ्यायला गेले की आठवण होते.

काल रात्री बहिणीचा फोन आला. म्हणाली, "भाच्याक किदें जालां तुज्या? स्कूटरची चावी फ्रिजांत, सुंगटांच्या डब्याचेर दवरल्या!"

मी विचारले, आजी गायली का? म्हणाली, तीन ओव्या गायली, चौथीला झोप आली. उद्या परत बसणार आहेत.